थोडं वाचा, मोठ्यांदा वाचा, परत तेच वाचा: नोकरी-संसार सांभाळून बायबल आणि प्रार्थना कशी करायची

दर जानेवारीत चर्चमध्ये एक कागद वाटतात, वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचा प्लॅन. उत्पत्ती झपाट्यात होतं कारण सगळ्या गोष्टीच आहेत, निर्गमचा पहिला अर्धा भागही पळतो, मग निवासमंडपाची मापं सुरू होतात, एवढे हात लांबी न तेवढे हात रुंदी, आणि जानेवारी संपता संपता लेवीय आलं की बहुतेकांची गाडी तिथंच बंद पडते. हिशोब करून बघा ना, प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीनच्या वर अध्याय, आणि कॅथलिक बायबल असेल तर पुस्तकं ७३, म्हणजे आणखी जास्त. एक आठवडा पाहुणे आले की पंचवीसेक अध्याय मागं, मग ते भरून काढायचं टेन्शन, मग अपराधी वाटणं, मग पुस्तक परत कपाटात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल करावं, वर्षातून कधीतरी सगळं वाचलेलं चांगलंच, पण ज्यांची सकाळ डबे भरण्यात आणि बस पकडण्यात जाते त्यांनी हा प्लॅन सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी दहा-बारा ओळी घ्या, तोंडाने मोठ्यांदा वाचा, आणि आठवडाभर त्याच वाचा.

हे मी गोव्यात राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांसाठी लिहितेय, म्हणजे कोणी नगर-कोल्हापूरकडून वेर्ण्याच्या कंपन्यांत आलेले, कोणी बेळगावहून वास्कोत आलेले, कोणाचं लग्नच इथल्या घरात झालेलं. माझं तसंच आहे, माहेर नगरचं, चर्च प्रॉटेस्टंट, आणि सासर सासष्टीतलं, कॅथलिक. माहेरी उपासना संगीत उघडून भजनं, सासरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना. दोन्हीकडचं जे रोजच्या धावपळीत टिकतं तेच खाली सांगितलंय, त्यामुळे दोन्ही बाजूच्या मंडळींना काही ना काही खटकेल, चालायचंच.

वेळ शोधू नका, दिवसात आधीच असलेली एखादी गोष्ट पकडा

"रोज पहाटे पाचला उठून एक तास" हे ऐकायला भारी वाटतं आणि येशू अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करायचा हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, हो, पण पहाटे पाचला ज्याची नाईट शिफ्ट अजून संपायची आहे त्याने काय करायचं. त्यापेक्षा रोज न चुकता घडणारी एक गोष्ट निवडा आणि प्रार्थना तिला जोडून टाका. गोव्यातल्या गावांत ही सोय शेकडो वर्षांपासून आहे, चर्चची घंटा सकाळी, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला वाजते. संध्याकाळच्या घंटेला आणि त्या वेळच्या प्रार्थनेलाही आमच्या सासरी आमोरी म्हणतात. घंटा ऐकली की सासूबाई हातातलं काम जिथल्या तिथं ठेवतात, कालवण चुलीवर असलं तरी गॅस बारीक करतात, उभ्या राहून आमोरी म्हणतात, आणि संपली की घरातली पोरं "बेसांव दी", म्हणजे आशीर्वाद दे, म्हणत मोठ्यांकडे येतात, डोक्यावर हात ठेवून घेतात आणि परत मोबाईलवर. सगळं मिळून पाच मिनिटं पण नाही. दिवसातून तीनदा प्रार्थना करायची पद्धत त्याच्याही खूप आधीची, दानीएलाच्या सहाव्या अध्यायात तो तीनदा खिडकी उघडून यरुशलेमकडे तोंड करून गुडघे टेकतो आणि त्यापायीच सिंहांच्या गुहेत जातो.

वास्कोच्या फ्लॅटमध्ये घंटा ऐकू येत नाही, बंदरातल्या ट्रकचा आवाज येतो. मग आपली घंटा आपणच ठरवायची. कंपनीत दहाचा चहा येतो तो, दुकानाचं शटर वर करता तो क्षण, कुकर लावून शिट्टीची वाट बघता तेवढा वेळ, पोरांना स्कूल बसमध्ये बसवून परत घराकडे चालता ते अंतर. दिवाडी किंवा चोडणला राहणाऱ्यांची तर मजाच आहे, फेरीबोटीत गाडी बंद करून उभं राहावंच लागतं, ती काही मिनिटं कोणी मागत नाही तुमच्याकडे. मोबाईलचा अलार्म मात्र लावू नका, अलार्म बंद करायला फोन हातात घेतला की समोर व्हॉट्सॲपचे सतरा मेसेज दिसतात आणि प्रार्थना राहते बाजूला.

एका वेळी एकच जोडा. पहिल्याच सोमवारी सकाळचं वाचन, दुपारची प्रार्थना, संध्याकाळचा तेर्स, रात्री आपल्या दिवसाची झडती आणि शुक्रवारचा उपास असं सगळं सुरू करणारे लोक मी पाहिलेत, पुढच्या सोमवारी त्यातलं काही उरत नाही.

वाचायचं कसं, एका उताऱ्यावरच दाखवते

बाराव्या शतकात फ्रान्सच्या डोंगरातल्या कार्थुसियन मठात दुसरा गिगो म्हणून एक मठाधिपती होता, त्याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचणं, मनात घोळवणं, त्यावरून देवाशी बोलणं, आणि मग काही न बोलता त्याच्यापाशी बसणं. लॅटिनमध्ये याला लेक्सिओ दिविना म्हणतात, नाव जड आहे, काम सोपं आहे, भिक्षू असण्याची गरज नाही.

योहानाचा २१ वा अध्याय घ्या, पहिल्या १४ ओवी. गोव्यात राहणाऱ्याला हा उतारा समजवावा लागत नाही. पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो, बाकीचे म्हणतात आम्हीपण येतो, सगळे मिळून सात जण, रात्रभर होडीत, हाती काही नाही. उजाडताना किनाऱ्यावर कोणीतरी उभा दिसतो, ओळखू येत नाही, तो विचारतो काही मिळालं का, हे म्हणतात नाही. उजवीकडे जाळं टाका म्हणतो, टाकतात, आणि जाळं ओढवत नाही. कोलवा-बाणावलीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढताना कधी उभं राहिला असाल तर जाळं भरून आल्यावर माणसांचे आवाज कसे बदलतात ते तुम्हाला माहीत आहे. (तिथला तो समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचा तलाव, आणि मासेमारी रात्री होडीतून, त्यामुळे अगदी आपल्यासारखं नाही, एवढं लक्षात असू द्या.)

आता पहिल्या दिवशी हे फक्त मोठ्यांदा वाचा. एकदा वाचून झालं की श्वास घ्या आणि परत एकदा, हळू. कुठंतरी जीभ अडते किंवा मन थांबतं, तिथंच थांबायचं, पुढं जायची घाई नाही. नाईट शिफ्टवाला माणूस बहुतेक "त्या रात्री काहीच मिळालं नाही" इथं थांबेल. कोणाला ते १५३ मासे हसवतात, एवढ्या गडबडीत मोजले कोणी असतील. माझं मन दर वेळी नवव्या ओवीपाशी अडकतं, हे लोक जाळं ओढत किनाऱ्याला लागतात तेव्हा तिथं कोळसे आधीच पेटलेले आहेत, त्यावर मासळी ठेवलेली आहे आणि भाकर आहे. म्हणजे त्याच्याकडे मासे होतेच! तरी तो म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यातलेही थोडे आणा. त्याला गरज नसताना तो ह्यांचे मासे का मागतो, ह्या एका प्रश्नावर आरामात दोन दिवस जातात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच उतारा. आता बस सुटल्यावर, उभं राहायला जागा मिळाली की, तुमची ती ओळ मनात फिरवा. वास्को-मडगाव बसमध्ये पुस्तक उघडता येत नाही, एक हात वर दांडीला आणि दुसरा पर्सवर, पण एक ओळ डोक्यात ठेवायला हात लागत नाही. तिला चावत राहा. असं करताना मधेच काहीतरी जुनं आठवेल, ते आठवू द्या. बांगडे साफ करताना तर फारच छान, हात माशाचे असतात त्यामुळे फोन धरता येत नाही.

चौथ्या दिवशी पुढचं थोडं वाचा, १५ ते १७. येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. आणि मग मागं जाऊन १८ व्या अध्यायातली १८ वी ओवी बघा. थंडी होती म्हणून चाकरांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्र तिथं शेकत उभा होता, त्याच विस्तवाच्या आसपास त्याने तीनदा येशूला नाकारलं. आता परत कोळशाचा विस्तव, परत तीन प्रश्न, आणि ह्या वेळी समोर गरम मासळी. कोणी त्याला रागावत नाही. हे मला कोणत्या प्रवचनात कळलं नाही, तोच तोच उतारा वाचून कळलं, वर्षाच्या प्लॅनमध्ये हे दोन अध्याय एका दमात संपले असते आणि विस्तव दिसलाही नसता.

मग बोला देवाशी, साध्या मराठीत. "हे परात्पर सर्वसमर्थ" असं काही लागत नाही. तुमचा जो विस्तव असेल, ज्याच्यापाशी तुम्ही कोणाला तरी नाकारलं असेल, त्याबद्दल बोला, पाच वाक्यं पुरेत. आणि शेवटी थोडं गप्प बसा. गप्प बसल्यावर काही होत नाही म्हणून लोक घाबरतात, मन सिलिंडर बुक करायचा राहिला इकडे पळतं, पळालं तर सिलिंडरचं नाव कागदावर लिहून ठेवा आणि परत या. बस एवढंच.

एका ओवीला धरून तिच्यावर काहीही बांधायचं नाही, हे मात्र पक्कं. फिलिप्पैकरांस पत्रातली "मला जो सामर्थ्य देतो" ही ओळ परीक्षेच्या पॅडवर, बाईकच्या मागे, जिमच्या टीशर्टवर सगळीकडे दिसते, पण तिच्या आधीची ओळ वाचली की कळतं, कैदेतून लिहिणारा पौल तिथं पोट भरलेलं असो की उपाशी असो, दोन्हीत राहायला मी शिकलो असं सांगतोय. म्हणून आधीचं आणि नंतरचं निदान अर्ध पान वाचल्याशिवाय कोणतीही ओवी उचलू नका, आणि डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवायचा प्रकार तर अजिबात नको, ती लॉटरी झाली. रविवारी अडलेलं फादरना किंवा पाळकांना विचारा, त्यांनाही बरं वाटतं, एरवी लोक त्यांना फक्त लग्नाच्या तारखा विचारतात.

तोंडाने वाचायचं, पाठ करायचं

मनातल्या मनात वाचणं ही सवय आपल्याकडे अलीकडची आहे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला तेव्हा त्याने काय केलं, घंटा वाजवत रस्त्यांतून फिरला, पोरं गोळा केली आणि प्रार्थना चालीवर म्हणून शिकवल्या, मग ती पोरं त्या घरोघरी गात फिरली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने इथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत. ओव्याच का, कारण लोकांच्या कानाला ओवी माहीत होती, पुराण ऐकायची सवय होती, अक्षर न वाचता येणारी बाईही ते ऐकून लक्षात ठेवू शकत होती. पुढं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगरकडे अभंग आणि भजनं लिहिली तीही गाण्यासाठीच. म्हणजे आपल्या दोन्ही घरांत, गोव्याकडं आणि देशावर, शास्त्र कानातून आत शिरलंय. ते सोडून आपण ॲपवर अंगठ्याने स्क्रोल करत वाचतो आणि म्हणतो लक्षात राहत नाही.

तेव्हा पाठ करा. स्तोत्रसंहितेपासून सुरू करा. एकूण स्तोत्रं १५०, पण सगळी सारखी नाहीत, ११७ वं दोनच ओव्यांचं आहे आणि ११९ वं १७६ ओव्यांचं, त्यामुळे ११९ वरून सुरुवात करू नका! १३१ वं तीन ओव्यांचं, आईच्या मांडीवर शांत झालेल्या बाळाचं, ते आधी घ्या. मग २३, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", हे अर्धं तुम्हाला येतच असेल. मग १२१. रात्रपाळीवाल्यांनी १३० घ्यावं, पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यापेक्षा जास्त आतुरतेने माझा जीव प्रभूची वाट बघतो असं त्यात आहे, ते वाक्य पहाटे चारला मशीनपाशी उभं राहून म्हटलं की त्याचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगावा लागत नाही. झोप येत नसेल तर ४. मठांमध्ये रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत ४, ९१ आणि १३४ ही तीन म्हणायची रीत संत बेनेडिक्टच्या नियमापासून आहे.

पाठ करायची पद्धत शाळेचीच. एका चिठ्ठीवर हाताने लिहा, टाईप करू नका, फ्रीजला मॅग्नेटने लावा, सिंकवर लावली तर दोन दिवसांत लगदा होतो. रोज एकच ओळ नवीन, आधीच्या सगळ्या म्हणून मग नवीन. इथल्या बायका मे महिन्यात पावसाळ्याचं पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, तांदूळ, कारण जूनमध्ये काय मिळेल सांगता येत नाही, पाठ केलेलं स्तोत्र तसंच आहे, लागतं तेव्हा पुस्तक शोधायला सवड नसते. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर बसल्यावर किंवा जुलैत रात्रभर लाईट गेल्यावर मोबाईलची बॅटरी चार टक्के असते, तेव्हा तोंडात असेल तेच उपयोगाला येतं.

तेर्साबद्दल दोन शब्द, विशेषतः माहेरच्या लोकांसाठी

माझ्या माहेरी माळ म्हटली की भुवया वर जातात. मी त्यांना एवढंच सांगते की एकदा शांतपणे बसून बघा त्यात काय आहे. पाच दशकं, प्रत्येकात दहा वेळा नमान मोरिये, म्हणजे मारियेला वंदनाची प्रार्थना, आणि प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यासमोर धरायचा. सोमवार-शनिवार आनंदाचे, मंगळवार-शुक्रवार दुःखाचे, बुधवार-रविवार गौरवाचे, आणि २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाचे पाच वाढवले ते गुरुवारी. त्याआधी तीन पंचकं मिळून नमान मोरिये १५० व्हायच्या, १५० स्तोत्रांइतक्याच, ज्यांना स्तोत्रं वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी. बहुतेक प्रसंग थेट शुभवर्तमानातले आहेत. घाईघाईने तोंडाने पुटपुटत टीव्हीकडे डोळा ठेवून म्हटला तर तेर्स काय आणि प्रभूची प्रार्थना काय, दोन्ही सारखेच वाया. ज्यांना मारियेची प्रार्थना म्हणायची नाही त्यांनी तेच प्रसंग घेऊन, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गोठ्यातली रात्र किंवा गेथशेमाने, दर प्रसंगाआधी तो उतारा वाचावा आणि शांत बसावं. आणि कॅथलिक घरांनी पण दशकाच्या आधी दोन ओळी बायबलातून वाचाव्यात, आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून पोरं कमी झोपतात.

मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादाईन ही सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना असते तिथं तर जाच, व्हायोलिनवर लॅटिन लितानी गातात, शब्द कळले नाहीत तरी शेजारी एका सुरात उभे असतात, आणि नंतर उकडलेले चणे मिळतात. प्रार्थना एकट्याने करायची गोष्ट आहे असं वाटायला लागलं की लादाईन हा चांगला उपाय आहे.

रात्रीची झडती

रात्री आपला दिवस तपासायची ही पद्धत जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसची, झेवियर त्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी, आणि इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोप पॉल तिसरा याने १५४८ मध्ये मान्यता दिली. दहा मिनिटं लागतात. अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते, बाल्कनीत खुर्ची टाका.

आधी आभार, आणि ते नेमके. "सगळ्यासाठी धन्यवाद" चालणार नाही. बसमध्ये ज्या पोराने जागा दिली तो, दुपारी लाईट आली ती, डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल म्हटला तो. मग पवित्र आत्म्याला सांगा मला माझा दिवस तुझ्या नजरेने दाखव, कारण आपल्या नजरेने पाहिला तर एकतर आपण फार चांगले दिसतो नाहीतर फारच वाईट. मग सकाळपासून दिवस चालवा, तास-तास करून. उठलो तेव्हा मन कसं होतं, मासळीवालीशी घासाघीस केली तेव्हा आवाज कुठवर चढला, सुपरवायझरने नाव घेऊन कौतुक केलं तेव्हा बाजूच्या मुलीचंही काम होतं हे सांगितलं का. कुठं मन हलकं झालं, कुठं कडवट, हे बघत जा, कारण शोधायला लागू नका, फक्त बघा. जे चुकलं त्याची माफी एका वाक्यात, स्वतःला कुटत बसणं हा पण एक प्रकारचा गर्वच असतो. आणि शेवटी उद्याची एक गोष्ट, एकच, उद्या सकाळी त्या बाजूच्या मुलीशी स्वतःहून बोलेन, एवढीच.

वहीत लिहायचं असेल तर दोन ओळी लिहा, पानभर डायरी लिहिणारे महिन्यात दमतात. तीन-चार महिन्यांनी मागची पानं चाळली की एकच माणूस, एकच वेळ, एकच भांडण परत परत दिसतं, ते बघून फादर किंवा पाळकांशी बोलायला काहीतरी ठोस हाती येतं.

उपास आणि विसवण

गोव्यात उपासाचा एक विनोदच झालेला आहे. इंत्रूजचे, म्हणजे कार्निव्हलचे, चार दिवस, शनिवार ते मंगळवार, खाऊन-पिऊन नाचून होतात, मग राखेचा बुधवार, आणि मग उपासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही म्हणून घराघरात विसवणाचे (सुरमईचे) तुकडे तळले जातात, सुंगटांचं (कोळंबीचं) कालवण होतं. नियम मोडला का, नाही. त्याग झाला का, आता ज्या माणसाला मटणापेक्षा विसवण जास्त आवडतो त्याने शुक्रवारी विसवण खाऊन कसला त्याग केला! आमच्याकडे मी शुक्रवारी नुस्तंच, म्हणजे मासळीच, बंद करून पाहिलं, पेज, लोणचं आणि एखादी भाजी, तेव्हा नवऱ्याचा चेहरा खरा उपासाचा झाला.

कॅथलिक नियम तसा सौम्य आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस पूर्ण उपासाचे, १८ ते ५९ वयाच्या लोकांना, एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडं, आणि मांसवर्ज्य १४ च्या पुढे सगळ्यांना. प्रॉटेस्टंटांकडे सहसा ठरलेला नियम नसतो म्हणून बरेचजण करतच नाहीत. मधुमेह, गरोदरपण, बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका, ते पुण्य नाही. दुसरं काहीतरी सोडा, रात्री जेवणानंतरचा फोन सोडा, रील्स सोडा, त्याचा त्रास विसवण सोडण्यापेक्षा जास्त होतो.

आणि यशयाचा ५८ वा अध्याय उपासाच्या आधी एकदा वाचाच. देव तिथं सरळ विचारतो की तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवता, मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला भाकर देणं. म्हणून न जेवलेल्या जेवणाचे पैसे खरोखर बाजूला काढा, पाकिटात घाला, आणि ते कोणाला जाणार हे आधी ठरवा, तुमच्या बिल्डिंगच्या बांधकामावरचा मजूर रोज दिसतो, लांब जायची गरज नाही. सांगत फिरू नका, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उपासाच्या दिवशी तोंड धुवून डोक्याला तेल लावायला सांगितलंय ते त्यासाठीच. व्हॉट्सॲप स्टेटसवर "डे १२ ऑफ फास्टिंग" टाकणाऱ्यांनी तो अध्याय परत वाचावा.

कोरडे दिवस

येतातच. वाचलं तरी काही लागत नाही, प्रार्थना छताला आदळून परत येते. अशा वेळी जास्त करायला जाऊ नका, कमी करा, पण बंद करू नका. १३ वं स्तोत्र म्हणा, "किती वेळ" म्हणून देवाला विचारणारं. त्यापेक्षाही खाली असाल तर ८८ वं आहे, त्याचा शेवट अंधारातच होतो, सांत्वनाची एक ओळ पण नाही, आणि तरी ते बायबलात ठेवलंय. तुमच्याने शब्द निघत नसतील तर कोणीतरी आधी लिहून ठेवलेले वापरा. आणि हे महिनोन्महिने चाललं, झोप-भूक गेली, जगावंसं वाटेना, तर विश्वास कमी पडतोय असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, प्रार्थनेसोबत डॉक्टरकडे जा.

दोन-तीन जणांनी मिळून करायचं असेल

रविवारी संध्याकाळी एखाद्याच्या घरी, चार-पाच माणसं, एकच उतारा. एकाने वाचायचं, दोन मिनिटं शांत, दुसऱ्याने परत वाचायचं, मग प्रत्येकाने ज्या ओळीवर मन थांबलं ती ओळ सांगायची. तेवढंच. एकमेकांना दुरुस्त करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, प्रवचन द्यायचं नाही, हे आधीच ठरवून टाका, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतातच. एक तासाच्या वर नको. खायला जास्त करू नका, नाहीतर तिसऱ्या रविवारपासून यजमानीण स्वयंपाकघरात आणि बाकीचे वाचनाला. एकदा जमलं की कधीतरी मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत आळीपाळीने मोठ्यांदा वाचून काढा, १६ अध्याय, साधारण दीड तास लागतो, आणि ते एवढं वेगाने पळणारं पुस्तक आहे हे तेव्हाच कळतं.

बायबल कोणतं घ्यायचं हे सगळे विचारतात. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र मोठ्यांदा वाचायला आणि पाठ करायला चांगलं, भाषा थोडी जुनी आहे पण तिला चाल आहे. अर्थ पटकन लागावा म्हणून वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल शेजारी ठेवा. सासरच्यांना कोकणी हवं असेल तर रोमी लिपीतलं मिळतं. फोनवरचं ॲप प्रवासासाठी ठीक, घरी कागदाचंच घ्या, आणि चाळिशी जवळ आली असेल तर मोठ्या अक्षरातलं घ्या, जाड असतं, पर्समध्ये मावत नाही, म्हणून चिठ्ठी.